सुळे आहेत म्हणून मांसाहारी?

घोड्याने कोंबडीचं पिल्लू गिळलं आणि नराला सुळे असतात, म्हणून घोडा पक्का शाकाहारी नाही, असा निष्कर्ष एका चर्चेत निघाला. तो पटला नाही. पिल्लू गिळणं क्वचित घडतं. गायी आणि हरणंही ते करतात. पण घोड्याचे सुळे नराला साधारण ४-५ वर्षांचा झाल्यावर येतात, बहुतेक घोड्यांच्या माद्यांना येतच नाहीत किंवा नुसते खुंट असतात. ते भांडताना चावायला, खायला नाही. शाकाहार ठरतो पोटात. जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं, पित्ताशय नाहीच, आणि अंधनाल (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली पिशवी) एकटं २५ ते ३५ लिटरचं. तिथले आणि पुढे मोठ्या आतड्यातले जीवाणू चारा आंबवतात, ऊर्जेचा मोठा वाटा त्यातून मिळतो. गाढवाचंही तेच, फक्त ते निकृष्ट काडावरही निभावतं.

हाडं चघळणारं जनावर दिसलं तर त्याला मांसाहारी ठरवण्याआधी आहारात फॉस्फरस कमी पडतंय का ते तपासा.

खरा धोका त्या चर्चेत आलाच नाही: बोट्युलिझम, म्हणजे एका जीवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडणं. गवताच्या गठ्ठ्यात किंवा मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात) उंदीर, साप दाबला जाऊन कुजला की त्यात हे विष तयार होऊ शकतं, आणि घोडा त्याला फार हळवा. जीभ लुळी पडते, घास तोंडातून गळतो, मग जनावर आडवं होतं. म्हणून गठ्ठा सोडून, झटकूनच घालावा. मेलेला प्राणी निघाला तर तेवढा भाग काढून भागत नाही, विष आजूबाजूला झिरपलेलं असतं. अख्खा गठ्ठा फेकायचा.