‘कॅफे म्युलर’मधील ती मिठी: अभिनय की प्रत्यक्ष अनुभव?

पदन्यास (प्रश्न)
मी बारा वर्षे भरतनाट्यम शिकत आहे. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांच्या ‘कॅफे म्युलर’ (१९७८) या नृत्यरचनेचे चित्रीकरण नुकतेच पाहिले आणि त्यातील एक प्रसंग मनातून जात नाही. एक स्त्री आणि एक पुरुष घट्ट मिठीत उभे असतात. तिसरा माणूस येऊन त्यांचे हात सोडवतो, त्यांच्या ओठांची गाठ घालून देतो, तिला उचलून पुरुषाच्या हातांवर ठेवतो आणि निघून जातो. त्या हातांना तिचे वजन पेलत नाही. ती खाली पडते आणि लगेच उठून त्याला पुन्हा बिलगते. हे इतक्या वेळा आणि उत्तरोत्तर इतक्या वेगाने घडते की शेवटी तिसऱ्या माणसाची गरजच उरत नाही, ती दोघे आपणहून तेच करत राहतात. आमच्याकडे पदाला, म्हणजे ज्या गीतावर नाचतो त्याला, अर्थ असतो, नायिका कोण हे ठाऊक असते, संचारी भाव, म्हणजे येत-जात राहणाऱ्या भावना, वाट दाखवतात. येथे यातले काहीही नसताना माझा घसा का दाटून आला?

रंगपीठ
आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे. ती स्त्री पडण्याचा अभिनय करत नाही, ती खरोखर पडते; दहाव्या वेळी तिला लागलेली धाप बसवलेली नसते आणि आपले शरीर ती ओळखते. याच रचनेत खुर्च्या-टेबलांनी भरलेल्या रंगमंचावर स्त्रिया डोळे मिटून वावरतात आणि एक माणूस धावत जाऊन त्यांच्या वाटेतील खुर्च्या बाजूला करतो. मूळ प्रयोगात हे काम नेपथ्यकार रॉल्फ बोर्झिक यांनी स्वतः केले होते. दुसऱ्याला ठेच लागू नये म्हणून चाललेली ती धडपड मला मिठीइतकीच जवळची वाटते. बाउश स्वतःही यात नाचत असत. पुढे त्यांनी सांगितले आहे की, एका पुनःप्रयोगाच्या वेळी मूळची संवेदना काही केल्या परत येईना. मिटलेल्या पापण्यांआड नजर समोर आहे की खाली, यावर सारे अवलंबून होते, हे त्यांना तेव्हा उमगले. प्रेक्षकाला न दिसणाऱ्या गोष्टीने नृत्य बदलते, हे आपण तालमीत अवश्य करून पाहा.

तोल
मी एका कार्यशाळेत ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ शिकलो. अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत दोघे एकमेकांवर खरे वजन टाकतात आणि पुढची हालचाल त्यातूनच सापडते. एका अनोळखी व्यक्तीच्या पाठीला पाठ टेकवून मी दहा मिनिटे उभा होतो. आधी तिच्या अंगाची ऊब जाणवली, मग श्वास, आणि काही वेळाने ती कोणत्या पायावर भार देणार आहे हे मला तिच्या आधी कळू लागले. त्यानंतर मी असे नृत्य पाहताना अर्थ शोधत नाही, भार कोणावर आहे तेवढे पाहतो.

रंगपीठ
हे दोन्ही एकच आहे असे मात्र कोणी समजू नये. ‘कॅफे म्युलर’मधली मिठी काटेकोर बसवलेली आहे, तिचा क्रम ठरलेला आहे, आणि म्हणूनच ती छळते. शिवाय आपली परंपराही यापासून फार दूर नाही. नाट्यशास्त्राने स्तंभ (थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, वेपथु (कंप) हे सात्त्विक भाव, म्हणजे आतल्या भावनेने शरीरावर उमटणारे विकार, मानले आहेत, आणि ते केवळ भुवया उंचावून येत नाहीत.

पदन्यास
काल रात्री तो प्रसंग पुन्हा पाहिला. रचनेत इतरत्र इंग्रज संगीतकार पर्सेलची सतराव्या शतकातील गाणी आहेत, पण येथे संगीत नाही, हे पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आले नव्हते. ऐकू येतो तो फक्त अंग जमिनीवर आदळल्याचा आवाज, आणि त्यानंतर दोघांचा श्वास.