मोठी साईट मिरर (दुसरीकडे हुबेहूब प्रत) करायचीय, काय वापरू?

पणजीकर: फोटोंनी भरलेली साईट रोज दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचीय, एफटीपीने (फाईल पाठवायची जुनी पद्धत) सगळं परत परत चढतंय आणि पावसात लाईट गेली की पहिल्यापासून सुरू

फोंडेकर: एसएसएच (सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन) असेल तर डोळे झाकून आरसिंक, फाईली जुळवून कॉपी करणारा प्रोग्राम. आधी साईज आणि तारीख बघतं, बदललेल्या फाईलचेही नवे तुकडेच पाठवतं. मायनस झेड (पाठवताना कॉम्प्रेस करायचा ऑप्शन) फोटोंना नको, जेपीईजी आधीच कॉम्प्रेस्ड, उगाच सीपीयू जळतो. लाईट जाते त्यासाठी पार्शल ऑप्शन लाव, अर्धी आलेली फाईल राहते

म्हापसेकर: आणि डिलीट ऑप्शन (सोर्समध्ये नसलेलं मिररमधूनही उडवतो) लावण्याआधी ड्राय रन, म्हणजे नुसती चाचणी, कर रे बाबा, सोर्स फोल्डर चुकला तर मिरर साफ!

पणजीकर: होस्टिंगवाला एसएसएच देतच नाही हो

फोंडेकर: मग एलएफटीपी या एफटीपी प्रोग्रामची मिरर कमांड, नवीन तेवढंच उचलते. डब्ल्यूगेट (डाउनलोड करणारा प्रोग्राम) वेब पत्त्यावरून नको, पीएचपीचा सोर्स (सर्व्हरवर चालणारा साईटचा कोड) नाही मिळणार, नुसती तयार पानं