श्वानप्रदर्शनात परीक्षक नेमके काय पाहतात? तातडीने मदत हवी आहे

संत्राबाग_वरुड
नमस्कार. गेल्या रविवारी मी शेरूला नागपूरच्या श्वानप्रदर्शनात नेले होते. पहाटे चार वाजता थंडीत गाडी काढली होती. आमच्या वर्गात तीनच कुत्रे होते आणि त्यांत शेरूला तिसरा क्रमांक मिळाला. पहिला आलेला कुत्रा शेरूपेक्षा बुटका आणि अंगाने हलका होता. परीक्षकांनी तोंड उघडून पाहिले, अंगावरून हात फिरवला, एकदा पळवायला सांगितले आणि दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला. गुण किती मिळाले असे विचारले, तर गुण देण्याची पद्धतच नाही असे उत्तर मिळाले. आमच्या पंचक्रोशीत शेरूच्या तोडीचा कुत्रा नाही, हे कोणीही सांगेल. पुढचे प्रदर्शन महिन्यावर आले आहे आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. निकालाविरुद्ध तक्रार कुठे करावी आणि पुढच्या वेळी पहिला क्रमांक येण्यासाठी काय करावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

कारंजा_लाड
भाऊ, कुत्रा कोणत्या जातीचा, नर की मादी, वय किती, यांतले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. शेरू या नावावरून आम्ही काय ओळखणार?

संत्राबाग_वरुड
लॅब्रॅडॉर आहे, नर आहे. नोंदणीचे कागद आणि मायक्रोचिप दोन्ही आहेत. तक्रारीचे कोणी सांगेल का?

निवृत्त_पशुवैद्य_यवतमाळ
तक्रारीचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण परीक्षकाचा निर्णय अंतिम मानला जातो. गुणपत्रिका का नसते हे समजले, तर तुमचा निम्मा राग ओसरेल असे मला वाटते.

प्रत्येक जातीचे एक लेखी वर्णन ठरलेले असते. त्याला मानक म्हणतात. डोके कसे असावे, खांदा कोणत्या कोनात असावा, शेपूट, केस, चाल आणि स्वभाव कसे असावेत, हे सगळे त्यात नोंदलेले असते. परीक्षक तुमच्या कुत्र्याची तुलना शेजारच्या कुत्र्याशी करण्याआधी या वर्णनाशी करतो, आणि त्या दिवशी जो त्याच्या सर्वांत जवळ जातो असे त्याला वाटते, त्याला पहिला ठरवतो. नोकरीत असताना मी गवळाऊ जातीच्या गाई-बैलांच्या प्रदर्शनांत परीक्षण केले आहे. तिथेही लोक सर्वांत धिप्पाड बैलाकडे बोट दाखवत आणि मी मात्र त्याचे खूर, पाठ आणि चाल पाहत असे. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, घड्याळ निकाल देते, त्यामुळे वाद घालायला जागा राहत नाही. इथे डोळा आणि हात निकाल देतात.

लॅब्रॅडॉरचे मूळ न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांच्या कुत्र्यांत आहे. बर्फासारख्या पाण्यात जाळी आणि मासे ओढून आणण्याचे काम त्यांच्याकडे होते. म्हणूनच आखूड, दाट केसांखाली पाणी न शिरणारा मऊ थर हवा आणि शेपूट पाणमांजरासारखे, बुडाशी जाड व टोकाकडे निमुळते हवे. परीक्षकाने अंगावरून हात फिरवला तो केसांचा हा थर, फासळ्या आणि खांद्याचा सांधा चाचपण्यासाठी. तोंड उघडले ते दात पाहण्यासाठी. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात आणि वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीच्या पात्यांसारखे अगदी चिकटून बसावे लागतात. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले आहेत का, हेही हातानेच तपासतात. त्यानंतर पळवून पाहतात, कारण उभ्या कुत्र्यात लपलेला दोष चालीत उघडा पडतो. जाणकार माणसाला एवढ्यासाठी दोन मिनिटे पुरतात.

आता मला तीन गोष्टी सांगा: वय, वजन, आणि जमिनीपासून खांद्याच्या माथ्यापर्यंतची उंची.

कारवानीप्रेमी
डॉक्टरसाहेबांचा मान राखून सांगतो की हे सगळे कागदावर ठीक आहे. परीक्षक ओळखीच्या हँडलरकडे, म्हणजे कुत्रा चालवून दाखवणाऱ्या माणसाकडे, पाहून निकाल देतात, असे मी स्वतः ऐकले आहे. आणि मुळात वरुडच्या मे महिन्यात त्या थंड मुलखातल्या केसाळ जनावराचे हाल का करायचे? कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. त्यापेक्षा आपल्या देशी जातींचे कुत्रे पाळा, कारवानी पाळा, मुधोळ पाळा. २००५ मध्ये आपल्या टपाल खात्याने मुधोळ हाउंडचे तिकीट काढले होते, एवढा त्याचा मान आहे.

निवृत्त_पशुवैद्य_यवतमाळ
उन्हाबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु कारवानी प्रदर्शनात उतरवला, तरी त्यालाही त्याच्या मानकाप्रमाणेच पारखतात. पक्षपाताची शंका तर या प्रथेइतकीच जुनी आहे. १८५९ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल गावी पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जातींच्या कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. तिथे ज्याचा सेटर पहिला आला, तो पॉइंटरच्या परीक्षकांत होता, आणि ज्याचा पॉइंटर पहिला आला, तो सेटरच्या परीक्षकांत होता. अशा गोष्टींना आळा घालण्यासाठीच नोंदणी आणि नियम सांभाळणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा आहे, आणि आपल्याकडे चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया हे काम पाहते. माणसाच्या नजरेत फरक राहणारच, आणि म्हणूनच एकाच परीक्षकाच्या निकालावरून कुत्र्याची किंमत ठरवू नये.

कारंजा_लाड
एक शंका आहे. शेवटी सगळ्या जातींतून एकच विजेता निवडतात, तेव्हा लॅब्रॅडॉर आणि पॉमेरेनियन यांची तुलना कशी करतात?

वर्धेची_मीरा
त्या दोघांची एकमेकांशी तुलना होत नाही. लॅब्रॅडॉर त्याच्या मानकाच्या किती जवळ आहे आणि पॉमेरेनियन त्याच्या मानकाच्या किती जवळ आहे, हे पाहतात. आधी वयाप्रमाणे वर्ग असतात. मग नरांतून आणि माद्यांतून चॅलेंज सर्टिफिकेट या प्रमाणपत्रासाठी निवड होते, मग जातीतला सर्वोत्तम, मग जातींच्या गटातला, आणि शेवटी बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्या प्रदर्शनातला सर्वोत्तम.

मी पाच वर्षांपासून माझी जर्मन शेफर्ड कुत्री रिंगमध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या रिंगणात, उतरवते. डॉक्टरकाका शरीराबद्दल बोलले ते बरोबरच आहे, पण सादरीकरणाला ते फार कमी महत्त्व देत आहेत. चांगला कुत्रा वाईट चालवला, तर परीक्षकाला त्याचे चांगलेपण दिसणारच नाही. भाऊ, रिंगमधला व्हिडिओ असेल तर टाका.

संत्राबाग_वरुड
पुतण्याने काढलेला व्हिडिओ टाकला आहे. वय तीन वर्षे. वजन गावातल्या धान्याच्या काट्यावर केले, ४३ किलो भरले. उंची मोजायला वेळ मिळालेला नाही, पण मोठाच आहे.

वर्धेची_मीरा
व्हिडिओ तीनदा पाहिला. तिघांत फक्त शेरूच्या गळ्यात साखळी आहे, बाकी दोघांना रिंगमधला बारीक पट्टा आहे. तुम्ही साखळी ताणून धरली आहे, त्यामुळे त्याची मान वर ओढली गेली आहे आणि पुढचे पाय नीट पुढे पडत नाहीत. परत येताना तो दुडक्या चालीऐवजी चौखूर उधळला आणि नंतर गवत हुंगत थांबला. परीक्षकांनी तुम्हाला हाताने हळू पळा असे खुणावले आहे, ते तुमच्या लक्षात आले नाही. दात पाहताना त्याने दोनदा तोंड फिरवले, हेही दिसते. घरी रोज दोन-तीन वेगवेगळ्या माणसांकडून दात पाहून घेतले, तर ही सवय मोडते. जनावर मात्र स्वभावाने अतिशय गोड आहे, शेपूट एकदाही थांबलेले नाही.

निवृत्त_पशुवैद्य_यवतमाळ
चाल मीही पाहिली, परंतु माझ्या मते मूळ अडचण ४३ किलोची आहे. वरून पाहिले असता त्याला कंबरच दिसत नाही. त्याला खायला काय देता? आणि उंची कृपया मोजाच.

संत्राबाग_वरुड
सकाळ-संध्याकाळ एक-एक लिटर दूध, चार पोळ्या आणि जेवणातले उरलेले. वडील स्वतःच्या हाताने भरवतात. काल त्याला गोदामाच्या चौकटीशी उभे केले, गवंड्याचा गुण्या खांद्यावर आडवा धरला आणि पेन्सिलीने खूण केली. तीन वेळा मोजले, ६१ सेंटिमीटर भरले. हे चांगले ना?

निवृत्त_पशुवैद्य_यवतमाळ
मोजलेत हे फार चांगले केलेत. नर लॅब्रॅडॉरची मानकातली उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर आहे. तुम्हाला जो बुटका वाटला, तो बहुधा बरोबर मापाचा होता. उंचीमुळे शेरू थेट बाद होत नाही. दोष जेवढा मोठा, तेवढाच तो मोजावा, असे मानकातच लिहिले आहे. उंची आता बदलणार नाही, वजन मात्र बदलेल. फासळ्यांवरून बोटे फिरवली की त्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. दूध हळूहळू बंद करा, आहार मोजून द्या आणि चालणे वाढवा. उपाशी मात्र अजिबात ठेवू नका. या जातीला भूक आवरत नाही, आणि त्यात वडिलांचा किंवा शेरूचा दोष नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्याचा संबंध भुकेशी व वजनाशी आहे. क्रमांक आला नाही तरी चालेल, परंतु या वजनाने त्याचे सांधे लवकर झिजतील, याची मला खरी काळजी वाटते. एका महिन्यात हे उतरणार नाही, म्हणून शुक्रवारचा अर्ज सोडून द्या.

वर्धेची_मीरा
काका, इथे मी सहमत नाही. क्रमांकाची आशा न धरता अर्ज भरावा. रिंगची, गर्दीची आणि परक्या हातांची सवय रिंगमध्येच होते.

संत्राबाग_वरुड
दोघांचेही आभार. तक्रार करणार नाही. अर्ज भरतो आहे, पण या वेळी शेरूला सवय व्हावी एवढ्यासाठीच. वडील दूध बंद करायला तयार नाहीत, म्हणून डॉक्टरसाहेबांनी सांध्यांबद्दल लिहिलेले आज रात्री त्यांना वाचून दाखवणार आहे. मीराताई, तो रिंगमधला बारीक पट्टा कोणत्या दुकानात मिळेल?

वर्धेची_मीरा
माझ्याकडे एक जास्तीचा आहे. रविवारी सकाळी सातच्या आत शेरूला वर्ध्याला घेऊन या, ऊन चढण्याआधी तासभर चालवून पाहू. येताना वडिलांनाही सोबत आणा, कारण तो त्यांचेच ऐकतो असे व्हिडिओत दिसले.