शाळेच्या संगणक कक्षासाठी लिनक्स: मुलांना मोकळीक किती द्यावी, कठडे किती ठेवावेत?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आहे. कक्षात बारा संगणक आहेत. सर्वांत चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी मेमरी आणि साधी हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि हे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे सर्व यंत्रांवर लिनक्स बसवण्यास संस्थेने मान्यता दिली आहे. अट मात्र एकच घातली आहे, की मुलांना काहीही बदलता येता कामा नये.

माझी अडचण या अटीपाशीच सुरू होते. आठवी ते दहावीच्या मुलांना मी पायथन शिकवतो, आणि यंत्र आतून कसे चालते हे त्यांनी उघडून पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. दुसरीकडे, गावात लिनक्स दुरुस्त करून देणारे कोणी नाही. एखादे यंत्र बंद पडले की तीन मुलांना एका पडद्यासमोर बसवावे लागते. अशा परिस्थितीत कोणती डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) निवडावी, आणि तिच्यातील कोणती बंधने ठेवावीत व कोणती काढावीत, याविषयी अनुभवी मंडळींनी कारणांसह सांगितल्यास उपकार होतील.

सह्यकडा

सर, या यंत्रांसाठी लिनक्स मिंट या डिस्ट्रोची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती निःशंकपणे घ्या. तिला किमान दोन जीबी मेमरी लागते आणि चार जीबीची शिफारस केलेली आहे, म्हणजे तुमची यंत्रे तिच्यात व्यवस्थित बसतात. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत, त्यामुळे दरवर्षी नव्या आवृत्तीची धावपळ करावी लागणार नाही. मुलांची खाती साधी ठेवा आणि अ‍ॅडमिनचे खाते फक्त स्वतःकडे ठेवा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधूनच जोडता येतो.

टर्मिनलवासी

डिस्ट्रोच्या निवडीबाबत मी सह्यकडा यांच्याशी सहमत आहे. मात्र तुमचा खरा प्रश्न बंधनांचा आहे आणि त्याला सविस्तर उत्तर हवे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणारा माणूस म्हणून माझे मत असे झाले आहे, की जी चूक नंतर सुधारता येते तिच्यासाठी मुलांना अडवू नये, परतीची सोय करून ठेवावी. आणि जी चूक कधीच सुधारता येत नाही, तिथे मात्र भक्कम अडथळा उभा करावा. नुसते इशारे देण्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

इशारा का अपुरा पडतो, हे नोव्हेंबर २०२१ मधील एका गाजलेल्या प्रसंगावरून स्पष्ट होते. लायनस सेबॅस्टियन या तंत्रज्ञानविषयक व्हिडिओ करणाऱ्या गृहस्थांनी पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवण्याचा प्रयत्न केला. खिडक्यांतून चालणाऱ्या सॉफ्टवेअर दुकानाने स्थापनेस नकार दिला, म्हणून ते टर्मिनलकडे (आज्ञा टंकण्याच्या खिडकीकडे) वळले. तेथे पॅकेजेसच्या (बसवायच्या सॉफ्टवेअर-संचांच्या) परस्परावलंबनातील एका तात्पुरत्या बिघाडामुळे एपीटी या पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने स्टीम बसवण्यासाठी संपूर्ण डेस्कटॉपच काढून टाकण्याचा बेत मांडला. पडद्यावर काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची लांबलचक यादी आली, काही घातक घडू शकते असा इशारा आला, आणि पुढे जायचे असल्यास ‘यस, डू अ‍ॅज आय से!’ हे वाक्य जसेच्या तसे टंकायला सांगितले गेले. त्यांनी ते टंकले आणि डेस्कटॉप गेला.

त्या वेळी अनेकांनी त्यांना दोष दिला. मला तो दोष पटत नाही, कारण त्या माणसाला खेळाचा प्रोग्राम हवा होता, पॅकेजेसची यादी वाचण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नव्हते आणि ‘पुढे जा’ म्हटल्याशिवाय संगणकावर काहीच होत नाही, हे प्रत्येक वापरकर्ता पहिल्या दिवसापासून शिकलेला असतो. एपीटीच्या विकासकांनीही त्याच महिन्यात बदल केला. अत्यावश्यक पॅकेजेस काढण्याचा मार्ग एपीटीने आपणहून सुचवणे बंद झाले आणि ते वाक्य टंकण्याची सोयही गेली. ज्याला खरोखर तसे करायचे असेल, त्याने आज्ञेतच तसा वेगळा पर्याय लिहायचा. वापरकर्त्याचा अधिकार शाबूत राहिला. फक्त तो अधिकार अनवधानाने वापरला जाण्याची वाट बंद झाली.

आता परतीच्या सोयीबद्दल. मिंटचा स्वतःचा इतिहास येथे फार बोधक आहे. पूर्वी मिंटचा अपडेट व्यवस्थापक प्रत्येक अपडेटला धोक्याची पातळी देत असे आणि वरच्या पातळ्यांवरील अपडेट्स नवख्या वापरकर्त्यापासून दूर ठेवत असे. त्यात कर्नलची (हार्डवेअर सांभाळणाऱ्या मूळ प्रोग्रामची) अपडेट्सही येत, म्हणजे स्थैर्याच्या काळजीपोटी सुरक्षेची दुरुस्तीही मागे राहण्याची शक्यता होती. या धोरणावर बरीच टीका झाली. २०१८ मध्ये आलेल्या मिंट १९ ने टाइमशिफ्ट या साधनाला केंद्रस्थानी आणले. प्रणालीचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) आधी घेऊन ठेवावा, सर्व अपडेट्स लावावीत आणि काही बिघडलेच तर आधीच्या स्थितीत परत जावे, असा सल्ला तो व्यवस्थापक तेव्हापासून देऊ लागला. वापरकर्त्यापासून गोष्टी लपवण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी अधिक प्रामाणिक वाटतो.

पण परतीची सोय सर्वत्र करता येत नाही. २०१६ च्या आरंभी असे उघडकीस आले, की मूळ निर्देशिकेपासून (सर्वांत वरच्या फोल्डरपासून) सर्व काही पुसणारी आज्ञा रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून चालवल्यास काही लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधील (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्राममधील) ईएफआय चल-मूल्ये, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या नोंदी, याही पुसल्या जात आणि त्यानंतर ते यंत्र सुरूच होत नसे. मूळ दोष त्या यंत्रांच्या फर्मवेअरचा होता. तरीही ‘रूटला सर्व अधिकार असतात, त्याने जपून वागावे’ एवढे सांगून भागण्यासारखी ती परिस्थिती नव्हती, कारण प्रणाली पुन्हा बसवूनही असे यंत्र वाचत नाही. लिनक्स ४.५ मध्ये कर्नलने यांपैकी बहुतेक चल-मूल्यांना मुळातच बदल-निषिद्ध अशी खूण लावली. रूटला ती खूण काढता येते, मात्र ती जाणीवपूर्वक काढावी लागते. घाटातला कठडा रस्ता अडवत नाही, फक्त दरीची बाजू अडवतो, आणि तुमच्या कक्षातही मला तेवढाच अडथळा योग्य वाटतो.

म्हणून बायॉसला पासवर्ड घाला, मुलांना अ‍ॅडमिनचे अधिकार देऊ नका, आणि बाकी सर्व त्यांच्या स्वतःच्या खात्यात त्यांना मनसोक्त करू द्या. भिंतीवरचे चित्र बदलले, पॅनेल पुसले, मेनू गायब झाला, तर तुमच्या संस्थेने घाबरण्याचे कारण नाही.

न्यूर्नबर्गकर

टर्मिनलवासी यांच्या विवेचनाला धरूनच आणखी दोन पर्याय सुचवतो. फेडोरा सिल्व्हरब्लू या डिस्ट्रोमध्ये प्रणालीचा गाभा केवळ वाचता येण्याजोगा असतो. अपडेट म्हणजे गाभ्याची संपूर्ण नवी प्रत असते आणि जुनी प्रत सुरू होतानाच्या मेनूत उपलब्ध राहते, त्यामुळे परतीची सोय रचनेतच आहे. मुलांनी प्रयोग करायचे ते टूलबॉक्स नावाच्या वेगळ्या कंटेनरमध्ये (गाभ्यापासून अलग ठेवलेल्या कप्प्यात) करावेत. दुसरा पर्याय ओपनसुसे या डिस्ट्रोचा. २०१४ च्या १३.२ आवृत्तीपासून तेथे मूळ विभागासाठी बीटीआरएफएस ही फाइलप्रणाली ठरलेली असून स्नॅपर हा प्रोग्राम प्रत्येक मोठ्या बदलाच्या आधी व नंतर आपोआप स्नॅपशॉट घेतो, आणि जुन्या स्नॅपशॉटमधून थेट ग्रबच्या (प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून यंत्र सुरू करता येते.

तरीही तुमच्या यंत्रांसाठी मी सिल्व्हरब्लूचा आग्रह धरणार नाही. चार जीबी मेमरी आणि साधी डिस्क यांवर त्यातील ग्नोम हा डेस्कटॉप जड जाईल, फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिनेच पाठबळ मिळते, आणि बारा यंत्रांवर ती अपडेट्स उतरवणे तुमच्या इंटरनेट जोडणीला झेपेल की नाही, हे पाहावे लागेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एका यंत्रावर मिंट २२ बसवून पाहिले. मराठी कळफलक आणि प्रिंटर विनासायास चालले. पायथनचे एक पॅकेज पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) वापरून बसवू लागलो, तेव्हा मात्र हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे, अशा अर्थाची चूक दाखवून त्याने नकार दिला. आज्ञेच्या शेवटी ‘ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ हा पर्याय लिहिल्यास काम होते, असे बऱ्याच ठिकाणी वाचले. हे बंधन काढावे की ठेवावे?

टर्मिनलवासी

ठेवावे, आणि मुलांना ते का आहे हे एका तासात अवश्य शिकवावे. पायथनच्या पेप ६६८ या प्रस्तावातून हे बंधन आले असून उबुंटूचा पाया असलेल्या डेबियनने ते २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून स्वीकारले. कारण अगदी ठोस आहे. मिंटचा अपडेट व्यवस्थापक आणि सॉफ्टवेअर व्यवस्थापक हे दोन्ही पायथनमध्येच लिहिलेले आहेत. अ‍ॅडमिन अधिकाराने चालवलेल्या पिपने त्यांना लागणाऱ्या एखाद्या ग्रंथालयाची (तयार कोडच्या संचाची) वेगळी आवृत्ती मध्ये आणून बसवली, तर अपडेट करणारे साधनच बंद पडू शकते. त्या पर्यायाचे नाव इतके कठोर ठेवले आहे, ते वाचणाऱ्याने थांबावे म्हणूनच.

मला या बंधनाविषयी विशेष आदर वाटतो, कारण ते नकार देऊन गप्प बसत नाही. तो संदेश पूर्ण वाचा. पॅकेज एपीटीतून घ्या, किंवा स्वतंत्र आभासी वातावरण (पॅकेजेसचे वेगळे फोल्डर) तयार करा, किंवा स्वतंत्र प्रोग्राम हवा असल्यास पिपएक्स वापरा, असे तिन्ही मार्ग त्यातच लिहिलेले असतात. वर सांगितलेल्या पॉप ओएसच्या प्रसंगात दुकानाचा नकार वापरकर्त्याला टर्मिनलच्या अधिक धोकादायक वाटेकडे ढकलून गेला. येथे नकारासोबतच सुरक्षित वाट दाखवलेली आहे. तुम्ही एकदा अ‍ॅडमिन म्हणून पायथन-थ्री-व्हेन्व्ह हे पॅकेज बसवून ठेवा. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थी आपल्या घर-निर्देशिकेत (स्वतःच्या फायलींच्या फोल्डरमध्ये) स्वतःचे वातावरण तयार करेल, त्यात हवे ते बसवेल, बिघडले तर ते फोल्डर पुसून नव्याने करेल, आणि यासाठी त्याला कोणाचीही परवानगी मागावी लागणार नाही.

मुक्तवाट

चर्चा उत्तम चालली आहे, पण एका मुद्द्यावर मला स्पष्ट मतभेद नोंदवायचा आहे. वरील सर्व व्यवस्थेत मुले कायम पाहुणीच राहतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांमध्ये प्रोग्राम अभ्यासण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य येते, आणि रूटचा अधिकार एकदाही हाती न आलेल्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ केवळ पुस्तकातून कळेल. कठडे कोणी काढू शकते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मिंटचेच उदाहरण घ्या. २०२० मध्ये मिंट २० ने उबुंटूची स्नॅप ही सॉफ्टवेअर बसवण्याची वेगळी व्यवस्था बंद ठेवली, कारण एपीटीतून क्रोमियम हा ब्राउझर मागितल्यावर वापरकर्त्याला न विचारता स्नॅप बसवले जात होते. तो मिंटने वापरकर्त्याच्या वतीने घेतलेला निर्णय होता. पण ‘नोस्नॅप’ नावाची एक छोटी फाइल काढली, की तो निर्णय उलटवता येतो, आणि हे त्यांनी स्वतःच्या कागदपत्रांत उघडपणे लिहिले. वापरकर्त्याला वाचता येणारे आणि काढता येणारे बंधन मी स्वीकारतो. संस्था म्हणते तसे ‘काहीही बदलता येता कामा नये’ हे बंधन शाळेत तरी स्वीकारू नये.

म्हणून बारांपैकी एक यंत्र मोडण्यासाठीच राखून ठेवा. त्यावर मुलांना रूटचा अधिकार द्या. ते जाळ्यापासून (नेटवर्कपासून) वेगळे ठेवा, त्यावर कोणाचीही महत्त्वाची फाइल नको. क्लोनझिला या डिस्कची नक्कल घेणाऱ्या साधनाने त्याच्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा. मूळ निर्देशिका पुसण्याची आज्ञा दिली तर आरएम ही पुसणारी आज्ञा आजकाल सरळ नकार देते, पण मागे तारा-चिन्ह जोडले की शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) स्वतःच सर्व नावे पसरवून देते आणि तो नकार लागूच होत नाही, हे मुलांनी त्या यंत्रावर प्रत्यक्ष पाहावे. त्याआधी टर्मिनलवासींनी सांगितलेला फर्मवेअरचा मुद्दा लक्षात घेऊन ते यंत्र जुन्या बायॉस पद्धतीने सुरू होत असल्याची खात्री मात्र करून घ्या.

टर्मिनलवासी

हा मतभेद मला मान्य आहे आणि ही सूचना माझ्या सूचनेपेक्षा चांगली आहे. प्रतिमा परत बसवण्याचे कामही दहावीच्या मुलांकडेच सोपवावे.

कृष्णाकाठ

अकरा यंत्रांवर साधी खाती, मुलांसाठी स्वतंत्र पायथन वातावरणे आणि एक यंत्र पूर्ण मोकळे, असा प्रस्ताव मी संस्थेपुढे ठेवत आहे. मोकळ्या यंत्राचा खर्च एका बाहेरच्या डिस्कपुरताच असल्याने मान्यता मिळेल, अशी आशा आहे. टाइमशिफ्टसाठी डिस्कची विभागणी कशी करावी, एवढे कृपया सांगावे.

सह्यकडा

बसवतानाच स्नॅपशॉटसाठी वेगळा विभाग ठेवा आणि त्याची फाइलप्रणाली ईएक्सटी-४ निवडा. विंडोजचा जुना एनटीएफएस विभाग त्यासाठी चालत नाही. टाइमशिफ्टमधील आरसिंक (फायलींची नक्कल करणारी) पद्धत घ्या. पहिला स्नॅपशॉट जवळजवळ प्रणालीएवढीच जागा घेतो, पुढचे फक्त बदललेल्या फायलींपुरती घेतात, म्हणून साठ जीबी भरपूर होतील. आठवड्याला एक आणि एकूण तीन स्नॅपशॉट ठेवले तरी पुरे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्याव्यात. टाइमशिफ्ट घर-निर्देशिका मुळात वगळते, त्यामुळे मुलांच्या फायलींची प्रत दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर घ्यावी लागेल. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असल्याने डिस्क गेली तर तोही जातो. यंत्र अजिबात सुरू होत नसेल, तर मिंटच्या स्थापनेचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून सुरू करा. त्या लाइव्ह सत्रातही टाइमशिफ्ट असते आणि तेथून जुना स्नॅपशॉट परत बसवता येतो. असा एक पेन ड्राइव्ह कक्षाच्या कपाटात कायम ठेवा आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे दुसऱ्या एका शिक्षकांनाही सांगून ठेवा.