अपयशी माणसांचा आधार?

'धंद्यात हरलेली माणसंच देवाकडे वळतात,' असं एकांनी लिहिलंय. बायबलमधल्या प्रेषित पौलाला हे कसं लागू करणार? चांगला शिकलेला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) होता तो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या आपल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात आपलं कूळ, नियमशास्त्रातला काटेकोरपणा, सगळं मोजून दाखवतो आणि ख्रिस्तापुढे त्याला केरकचरा म्हणतो. तेही बंदिवासातून. बायबलमधल्याच 'उपदेशक' या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायातला माणूस तर घरं, द्राक्षमळे, तळी, सोनंरुपं असं सगळं मिळवून झाल्यावर 'व्यर्थ' म्हणतोय.

पण म्हणून नोकरी सोडून द्यायची, हा अर्थ मला पटत नाही. (आमच्यातले काही उत्साही भाऊ लगेच तोच काढतात.) पौल तंबू करून पोट भरायचाच की. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. माल रिजेक्ट होऊन परत आला की डोकं आजही फिरतं, श्रद्धेनं ते काही थांबत नाही. फरक एवढाच की आता त्या मालावरून मी स्वतःची किंमत ठरवत नाही. बढती मिळालेल्या सहकाऱ्याचं अभिनंदन मनापासून करता येतं, पूर्वी दात-ओठ खाऊन करायचो.

आपल्या शेजारच्या मिरजेत मिशनरी डॉ. वानलेस कॅनडातून आले, दवाखाना उभारला. पुढे 'सर' किताबही मिळाला, पण तो मिळवायला काही ते मिरजेत आले नव्हते. यशाला नाक मुरडायचं कारण नाही. ते कशासाठी हवंय, एवढंच मी विचारतोय.