गर्भाशयाच्या अस्तराचे स्क्रॅचिंग आणि पीजीटी-ए: ‘अभ्यासा’च्या फॉर्मवर सही करावी का?

फोंड्याचा_वाचक

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. पत्नीचे वय ३४ असून आयव्हीएफचे पहिले भ्रूण स्थानांतर अयशस्वी झाले आहे. पुढच्या वेळेआधी गर्भाशयाच्या अस्तराचे स्क्रॅचिंग (अस्तराला मुद्दाम हलका ओरखडा काढणे) आणि भ्रूणांची पीजीटी-ए तपासणी (स्थानांतरापूर्वी भ्रूणातील गुणसूत्रांची संख्या तपासणे) करून घ्यावी, असे आमच्या खासगी डॉक्टरांनी सुचवले आहे. स्क्रॅचिंगवर आपल्याकडे अभ्यास चालू आहे असे सांगून त्यांनी एक संमतीपत्रही दिले. मात्र दोन्हींचा खर्च आम्हीच करायचा आहे. या उपायांमागे कितपत पुरावा आहे, आणि अभ्यासात सहभागी होणाऱ्याकडून त्याचेच पैसे घेणे रीतसर आहे का? २०२३ पासून बांबोळीला गोमेकॉत (सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आयव्हीएफ मोफत मिळते हे ठाऊक आहे, परंतु आमची भ्रूणे सध्याच्या केंद्रातच गोठवून ठेवलेली आहेत.

मडगावकर_संख्याशास्त्र

स्क्रॅचिंगबद्दलचे सुरुवातीचे अभ्यास लहान होते आणि त्यांतले आकडे फार आशादायक दिसत होते. पुढे पाच देशांतील १३ केंद्रांत १३६४ स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी (कोणाचे स्क्रॅचिंग करायचे आणि कोणाचे नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारी) झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. अपत्यजन्माचे प्रमाण दोन्ही गटांत २६.१ टक्केच निघाले. एकदा अपयश आलेल्या जोडप्यांपैकी काहींना पुढच्या वेळी काहीही वेगळे न करता यश मिळणारच असते. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर हे यश मधल्या उपायाच्या खात्यावर जमा होते.

पीजीटी-एची गोष्ट थोडी निराळी आहे. ती भ्रूण सुधारत नाही, केवळ निवडते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत २० ते ३७ वयाच्या, तीन किंवा अधिक चांगले ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढलेली भ्रूणे) मिळालेल्या १२१२ स्त्रिया होत्या. वर्षभरातील स्थानांतरांतून अपत्यजन्म तपासणीच्या गटात ७७.२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने भ्रूण निवडलेल्या गटात ८१.८ टक्के होता. गर्भपात मात्र तपासणीच्या गटात कमी झाले, आणि ज्यांनी ते दुःख सोसले आहे त्यांना हा फायदा लहान वाटणार नाही. भ्रूणाच्या बाह्य थरातील मोजक्या पेशींवरून संपूर्ण भ्रूणाचा निवाडा करताना, कदाचित रुजले असते असे एखादे भ्रूणही बाद होऊ शकते. वय अधिक असेल तर हिशेब बदलू शकतो. ३४ व्या वर्षी आणि हाताशी मोजकीच भ्रूणे असताना मी घाई केली नसती.

डिचोलीची_अनघा

वरील उत्तरात एक भर घालावीशी वाटते. केवळ एकदाच अपयश आलेल्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये नऊशेहून अधिक जणींची वेगळी चाचणी झाली होती. तिच्यात स्क्रॅचिंगच्या गटात अपत्यजन्म किंचित जास्त दिसले. त्यामुळे प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत ‘काहीच उपयोग नाही’ असे ठामपणे म्हणता येईल का?

मडगावकर_संख्याशास्त्र

अनघाताई, मुद्दा रास्त आहे. तो फरक मात्र निव्वळ योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता, म्हणून त्यावरून उपचाराची शिफारस करता येत नाही. त्या प्रश्नावर आणखी चाचणी करण्यास माझी मुळीच हरकत नाही. पण मग ती चाचणी असावी, बिलातील एक ओळ नव्हे.

पणजी_नीतिसमिती

मी एका संस्थेच्या नीतिसमितीवर (माणसांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर) बिगरवैद्यकीय सदस्य आहे, त्यामुळे पैशांच्या प्रश्नापुरतेच लिहितो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, नेहमीच्या उपचारापलीकडचा जो खर्च केवळ संशोधनासाठी होतो, तो सहभागी व्यक्तीवर टाकता येत नाही. आयव्हीएफचा मूळ खर्च तुम्ही द्याल, ते ठीक. परंतु ज्याची परीक्षा चालली आहे त्या स्क्रॅचिंगचेच पैसे मागितले जात असतील, तर नीतिसमितीची मंजुरी आहे का आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंदणी क्रमांक कोणता, हे लेखी विचारा. क्रमांक मिळाला की रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर चाचणीची रचना कोणालाही वाचता येते. तुलनेचा गट आहे का, आणि यश कशाला म्हटले आहे, गर्भधारणा चाचणी सकारात्मक येण्याला की मूल जन्मण्याला, एवढे तरी नक्की पाहा. सही नाकारली म्हणून उपचारात कोणताही फरक पडता कामा नये आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. हे दोन्ही संमतीपत्रात छापलेले असायला हवे.

फोंड्याचा_वाचक

सर्वांचे आभार. फॉर्म पुन्हा वाचला. त्यात नोंदणी क्रमांक नाही, नीतिसमितीचा उल्लेखही नाही, आणि संमती मागे घेण्याबद्दल एक शब्द नाही. पीजीटी-ए सध्या करायची नाही असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. स्क्रॅचिंगच्या अभ्यासाची कागदपत्रे आज ईमेलने मागवली आहेत. ती येईपर्यंत सही करणार नाही.