मागचा प्लग काळा, स्की घुसमटते

तारकर्लीत माझी ७०१ सीसी टू-स्ट्रोक जेट स्की आहे. ३८ काढून ४४ मिलिमीटरचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे भाग) बसवले, पुढच्या-मागच्या सिलिंडरला एकेक. आता कमी थ्रॉटलवर घुसमटते, वर मोकळी पळते. मागचा स्पार्क प्लग ओला, काजळीने माखलेला, पुढचा बरा. मेन जेट (जास्त थ्रॉटलवर पेट्रोल सोडणारं छिद्र) लहान करू?

— मुळीच नको! वर मिश्रण लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन जाम होईल.

— दादा, एकच प्लग ओला, म्हणजे मागचाच कार्ब बघा. पेट्रोलच्या नळीतून छोट्या पंपाने हवेचा दाब द्या. पॉप-ऑफच्या, म्हणजे सुई उघडायच्या दाबाच्या, आधीच पंपाच्या मीटरचा काटा उतरला, तर सुई-सीट (कार्बमधली पेट्रोल अडवणारी झडप) गळतेय.

— काटा लगेच उतरला! सीटवर वाळूचा कण, मोहरीहून बारीक. सुई-सीट नवी टाकली, लो स्क्रू (कमी थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) पाव फेरा आत घेतला. प्लग आता चहाच्या रंगाचा. मनापासून आभार, दादा.